सूतभर अंतर आणि मापरेषेची दोन टोके

१/
महाराष्ट्रात सुतारकाम चालते तिथे 'सूत' हे माप आजही ऐकू येते. आठ सूत म्हणजे एक इंच. मेट्रिक मापांचा कायदा भारतात १९५६ साली झाला. टेपवर मिलिमीटर छापलेले असतात. तरीही "दार सूतभर घासतंय" असे म्हटले की रंधा मारणाऱ्याला किती लाकूड काढायचे ते कळते. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. दारासाठी एवढी सूक्ष्मता पुरते. घड्याळासाठी, इंजिनासाठी किंवा दुर्बिणीसाठी ती पुरत नाही. सुतापेक्षा लहान असलेले अंतर माणसाने कसे मोजले, कागदावर कसे लिहिले आणि पुढे संगणकाला कसे सांगितले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
सुरुवात आजच्या एका साध्या अनुभवाने करू. आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.४ मिमी जाडीचे तीन पातळ पत्रे एकावर एक काढा. प्रत्येकाला मापरेषा द्या, म्हणजेच इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वर्गातील डायमेन्शन लाइन. दशांशस्थळांची मर्यादा शून्य ठेवली असेल, तर पडद्यावर ०, ०, ० असे तीन आकडे दिसतील आणि एकूण जाडीच्या रेषेवर १ दिसेल. तीन शून्यांची बेरीज एक! संगणकाने इथे कोणतीही चूक केलेली नाही. त्याच्या स्मृतीत ०.४ आणि १.२ ही मापे शाबूत आहेत. दाखवताना त्याने ती पूर्णांकात बसवली, एवढेच. जे माप आहे आणि जे लिहिले जाते, त्यांतील हे अंतर फार जुने आहे.

३/
सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या 'बृहत्संहिते'त लांबीच्या मापांची एक उतरंड आहे. परमाणू, रज, वालाग्र, लिक्षा, यूका, यव आणि अंगुल. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या आठपट. हिशेब केला, तर एका अंगुलात २,६२,१४४ परमाणू होतात. अंगुल पाऊण इंचाचे धरले, तर परमाणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान ठरतो. गणित म्हणून ही रचना सुंदर आहे. मूर्तिकाराच्या हातात मात्र अंगुल आणि यवच येत. त्याखालची मापे मोजण्याचे साधनच नव्हते. माप लिहिता येणे वेगळे आणि मोजता येणे वेगळे. हा भेद लक्षात असू द्या, थ्रेडच्या शेवटी तो पुन्हा लागेल.

४/
मोजण्याच्या दिशेने एक मोठे पाऊल १६३१ साली पडले. पिएर व्हर्निअर यांनी ब्रुसेल्समध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध करून मुख्य मापपट्टीवर सरकणाऱ्या दुसऱ्या पट्टीची कल्पना मांडली. अकरावीच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर याच तत्त्वावर चालतो. मुख्य पट्टीवरील ९ मिमी लांबीचे सरकत्या पट्टीवर १० समान भाग केले, तर तिचा प्रत्येक भाग ०.९ मिमीचा होतो. दोन पट्ट्यांच्या भागांत ०.१ मिमीचा फरक राहतो. तेवढी बारीक रेघ कोरावी लागत नाही. दोन्ही पट्ट्यांवरील कोणत्या रेघा जुळतात ते पाहायचे. डोळ्याला सूक्ष्म अंतर मोजणे अवघड जाते, पण दोन रेघा जुळल्या की नाही हे तो चांगले ओळखतो.

५/
कार्यशाळा मात्र या सूक्ष्मतेपासून बराच काळ दूर राहिली. जेम्स वॉट यांचे वाफेचे इंजिन रखडले त्याचे एक मोठे कारण म्हणजे अचूक गोल सिलिंडर मिळत नव्हता. दट्ट्या आणि भिंत यांच्या फटीतून वाफ निसटे. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन यांच्या छिद्रण यंत्राने ही अडचण दूर केली. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असा समाधानाचा उल्लेख वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी केला आहे. ही तुलना लक्षणीय आहे. त्या काळच्या उत्तम कारखान्यालाही आपली चूक सांगण्यासाठी नाण्याच्या जाडीचा आधार घ्यावा लागला. आपल्या सुतासारखेच हेही हाताला कळणारे माप होते.

६/
याच सुमारास कागदावरही मोठा बदल घडत होता. फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत गास्पार मोंज यांनी किल्ल्यांच्या आराखड्यांसाठी एक भूमितीय पद्धत बसवली. वस्तूची वरून आणि समोरून अशी दोन दृश्ये परस्परांशी जोडायची आणि त्यांवरून अवकाशातील कोणतेही अंतर काढायचे. लष्करी महत्त्वामुळे ही पद्धत अनेक वर्षे गुप्त ठेवण्यात आली. राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये मोंज यांनी ती जाहीर व्याख्यानांत शिकवली आणि १७९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. वस्तू हातात नसतानाही तिचे प्रत्येक टोक कागदावर निश्चित करता येऊ लागले. मापरेषेला टेकायला भक्कम जागा मिळाली.

७/
तरीही बरेच कारागीर कंपासाने चित्रावरूनच अंतर घेत आणि शेजारी काढलेल्या प्रमाणपट्टीवर ते वाचत. मोठ्या अंतरासाठी हे ठीक होते. पण शाईच्या रेघेलाच जाडी असते. समजा रेघ पाव मिलिमीटर जाड आहे आणि चित्र एकास दहा प्रमाणात लहान केलेले आहे. मग ती एकटी रेघच प्रत्यक्षातील अडीच मिलिमीटर जागा व्यापते. त्याहून लहान माप चित्रातून मिळण्याचा मार्गच उरत नाही. ते आकड्यानेच सांगावे लागते. दोन विस्ताररेषा, त्यांच्यामधील बाणांची मापरेषा आणि तिच्यावरचा आकडा, या तिघांची निकड इथे दिसते.

८/
आकडा लिहायचा, तर तो तपासणारे साधनही हवे. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी सुमारे १८०५ मध्ये बाकावर ठेवण्याचा एक मायक्रोमीटर बनवला. अचूक आट्यांचा स्क्रू फिरवला की जबडा अत्यल्प सरके आणि इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत वाचन होई. कारखान्यात मापावरून वाद झाला की निवाडा याच यंत्रापुढे होई. म्हणून त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याचे तेव्हा ते पद होते. सूक्ष्म मापासाठी अंतिम न्यायालय असावे लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

९/
मॉडस्ले यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी हा विचार पुढे नेला. इंचाचा दशलक्षावा भाग ओळखणारे त्यांचे यंत्र १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात होते. पण त्यांची दुसरी कामगिरी आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. तेव्हाचे कारागीर 'सोळांश इंचाला किंचित कमी' किंवा 'बत्तिसांशाला किंचित जास्त' अशा भाषेत मापे सांगत. अशा शब्दांतून दोन माणसांना एकच माप कसे समजणार, असा व्हिटवर्थ यांचा आक्षेप होता. १८५७ मध्ये त्यांनी इंचाचे दशांश भाग करावेत आणि हजारांश इंच हे कार्यशाळेचे एकक मानावे, असा आग्रह धरला. 'सूतभर कमी' या बोलीला आकड्याची शिस्त लावण्याचाच तो प्रयत्न होता.

१०/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निळ्या नकला आल्या. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप प्रक्रियेवर आधारलेली ही ब्लूप्रिंट. एका मूळ रेखाचित्राच्या हव्या तितक्या प्रती कारखान्यात पाठवता येऊ लागल्या. पण ब्लूप्रिंट पाण्यात धुवावी लागे आणि वाळताना कागद आकसे. समजा तो एक टक्क्याने आकसला, तर २०० मिमीची रेषा १९८ मिमीची होई. त्यामुळे चित्रावर पट्टी ठेवून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा, हा नियम ड्रॉइंग ऑफिसांत पक्का झाला. आजही अनेक नकाशांच्या कोपऱ्यात ही सूचना छापलेली दिसते. कागदाच्या युगात आकडा खरा मानला गेला आणि रेषा त्याचे चित्र ठरली.

११/
आकडा खरा ठरला तरी तो किती काटेकोरपणे पाळायचा? एस्किल्स्तूना या स्वीडिश गावातील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात काम करणारे कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये एक कल्पना सुचली. प्रत्येक मापासाठी वेगळा गेज बनवण्याऐवजी त्यांनी १०२ पोलादी ठोकळ्यांचा संच योजला. ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून राहतात. त्यांच्या जुळण्यांतून १ मिमीपासून २०१ मिमीपर्यंत ०.०१ मिमीच्या टप्प्याने सुमारे २०,००० मापे उभी करता येत. कागदावरच्या आकड्याला आता टेबलावर ठेवता येईल असे रूप मिळाले.

१२/
इथे तापमानाचा प्रश्न आला. १०० मिमी लांबीचा पोलादी ठोकळा १० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.०११ मिमीने वाढतो. म्हणजे त्या संचाच्या एका टप्प्याहून अधिक! उन्हाळ्यातील मुंबई आणि हिवाळ्यातील स्वीडन यांचा 'शंभर मिलिमीटर' एकच असावा, तर तापमानही ठरलेले हवे. १९३१ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लांबीच्या औद्योगिक मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान स्वीकारले. रेखाचित्रावर ते लिहिलेले असो वा नसो, सूक्ष्म मापाच्या आकड्यामागे ते गृहीत असते.

१३/
टॉलरन्सची, म्हणजे किती फरक चालेल या मर्यादेची, गोष्ट स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रिया येथे नेते. तेथील रॉयल टॉर्पीडो फॅक्टरीत स्टॅन्ली पार्कर यांच्या लक्षात आले की, तपासणीत नापास ठरलेले काही भाग जोडणीत व्यवस्थित बसतात. कारण मापरेषांत होते. छिद्राचे स्थान आडव्या आणि उभ्या अंतराने, दोन्हीकडे ठरावीक फरक चालेल असे सांगितले, तर मान्य क्षेत्र चौरसाकार होते. पण गोल खिळ्याला चौरसाशी काय कर्तव्य? चौरसाच्या कोपऱ्याइतके दूर गेलेले छिद्र चालते, तर तेवढेच दूर सरळ बाजूला गेलेलेही चालायला हवे. त्या चौरसाला बाहेरून वेढणारे वर्तुळ मान्य केले, की क्षेत्रफळ ५७ टक्क्यांनी वाढते.

१४/
पार्कर यांचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आला आणि आजच्या भूमितीय टॉलरन्स पद्धतीच्या मुळाशी तो आहे. त्याचा गाभा सोपा आहे. माप लिहिण्यापूर्वी विचारायचे : हे अंतर कोणत्या पृष्ठभागापासून धरायचे आणि ते चुकले तर कोणते काम अडते? अनावश्यक काटेकोरपणा हा गुण नव्हे; त्याने चांगला माल भंगारात जातो. उलट आवश्यक काटेकोरपणा सोडला, तर वाईट माल यंत्रात बसवला जातो. लहान मापाच्या बाबतीत या दोन टोकांमधील वाट अरुंद असते.

१५/
दरम्यान ड्राफ्ट्समनची एक रोजची अडचण होतीच : लहान जागेत बाण बसवायचे कसे? अडीच मिलिमीटरचे दोन बाण आतून काढायला पाच मिलिमीटर लागतात. खाच दोन मिलिमीटरची असेल, तर बाण बाणावर चढतात. मानकांनी यावर उपाय नोंदवले. बाण विस्ताररेषांच्या बाहेर काढून आत रोखायचे. लहान मापे ओळीने असतील, तर मधल्या बाणांऐवजी ठिपका किंवा तिरकी रेघ द्यायची. त्याहून दाटी असेल, तर तो भाग वर्तुळाने दाखवून शेजारी मोठ्या प्रमाणात काढायचा. मात्र आकडा प्रत्यक्षातलाच ठेवायचा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८८ च्या एसपी ४६ या पुस्तिकेतून आपल्याकडील विद्यार्थी अशा संकेतांचे शिक्षण घेत आले आहेत.

१६/
आता १९६३. अमेरिकेतील एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी 'स्केचपॅड' हा संशोधन प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. पडदा सात इंच चौरस. पण चित्र सुमारे २,००० पट मोठे करता येई. म्हणजे त्या सात इंचांच्या खिडकीतून पाव मैल बाजूच्या कागदाकडे पाहावे, तसे! आणि त्यात मापरेषाही होत्या. रेषेला बाण आणि आकडा जोडला, की वस्तूचे अंतर बदलताच आकडा आपोआप बदले.

१७/
या घटनेचे महत्त्व शांतपणे समजून घेतले पाहिजे. कागदावर माणूस आकडा लिहीत असे आणि रेषा त्या आकड्याचे चित्र असे. स्केचपॅडपासून क्रम उलटला. संगणकाच्या स्मृतीत असलेली भूमिती खरी, आणि आकडा तिच्यावरून काढलेला. १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनी स्थापन झाली आणि तिच्या ऑटोकॅडने हे तंत्र लहान संगणकांवर, सामान्य ड्रॉइंग ऑफिसांत आणले. अशा प्रणालींत निर्देशांक पंधरा-सोळा सार्थ अंकांपर्यंत साठवता येतात. ब्लूप्रिंटचा आकसणारा कागद आणि जाड शाई या दोन्ही अडचणी एका फटक्यात गेल्या.

१८/
त्यांच्या जागी नव्या अडचणी आल्या, आणि त्या ओळखीच्या होत्या. दशांशस्थळे कमी ठेवली, तर सुरुवातीचे ते तीन शून्य दिसतात. ०.१२५ मिमीची आठ अंतरे दोन दशांशस्थळांत ०.१३ अशी दिसली, तर वाचणाऱ्याची बेरीज १.०४ होते, प्रत्यक्ष अंतर १.०० असते. तपशील दहापट मोठा काढला आणि मापाचा गुणक ०.१ करायचे राहिले, तर ०.४ चे ४ होतात. कोणी हाताने आकडा बदलून लिहिला, तर भूमितीशी असलेला त्याचा दुवाच तुटतो. कागदी मानकात प्रमाणाबाहेरच्या आकड्याखाली जाड रेघ ओढण्याचा संकेत होता. निदान वाचणाऱ्याला इशारा मिळे. पडद्यावर बदललेला आकडा मात्र इतर आकड्यांसारखाच दिसतो.

१९/
उलट टोकही आहे. ऑटोकॅडमध्ये आठ दशांशस्थळे दाखवता येतात. म्हणून मिलिमीटरमधील माप तसे लिहावे काय? शेवटचा अंक मिलिमीटरच्या दहा कोटीव्या भागाचा. तो कोणत्याही लेथवर कापता येणार नाही. वराहमिहिरांच्या परमाणूसारखाच तो केवळ लेखणीत राहतो. उत्तम मापरेषेवर तितकीच दशांशस्थळे असतात, जितकी बनवणाऱ्याला पाळता येतात आणि तपासणाऱ्याला मोजता येतात. आणि किती फरक चालेल, तेही सांगितलेले असते.

२०/
पण सर्वांत घातक चूक आकड्यात नसतेच. २४ एप्रिल १९९० रोजी हबल अवकाश दुर्बीण झेपावली आणि काही आठवड्यांत प्रतिमा अस्पष्ट असल्याचे उघड झाले. २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. आरसा चुकीच्या आकाराला अत्यंत अचूकपणे घासला गेला होता! चौकशीत मूळ सापडले ते आरसा तपासणाऱ्या उपकरणात. त्यातील एक भिंग १.३ मिमीने चुकीच्या जागी बसले होते. आपल्या अर्ध्या सुताहूनही कमी.

२१/
हे कसे घडले? भिंगाचे अंतर ठरवण्यासाठी इन्व्हार धातूची, नेमक्या लांबीची दांडी होती. तिच्या टोकावर लेसरचा किरण परावर्तित करायचा होता. त्या टोकावर छिद्र असलेली टोपी बसवलेली होती. टोपीवरील प्रकाश शोषणारा लेप एका ठिकाणी उडाला होता आणि किरण दांडीच्या टोकाऐवजी टोपीवरून परतला. दांडीची लांबी बरोबर, लेसर बरोबर, आराखड्यातील आकडाही बरोबर. फक्त मापरेषेचे एक टोक चुकीच्या पृष्ठभागावर टेकले. भिंग पुरेसे सरकेना, तेव्हा वॉशर घालून ते बसवण्यात आले. दुसऱ्या चाचण्यांनी दिलेले इशारे दुर्लक्षिले गेले. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी अवकाशात जाऊन सुधारक प्रकाशयंत्रणा बसवली, तेव्हा हबलची दृष्टी निवळली.

२२/
सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक रोज घडू शकते. मापरेषा काढताना 'स्नॅप' जवळचा बिंदू पकडतो. ०.४ मिमीच्या खाचेपाशी कड, गोलाईचा आरंभ आणि मध्यरेषा हे सारे बिंदू पडद्यावर एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात. भलता बिंदू पकडला गेला, तरी आकडा तितक्याच ठामपणे उमटतो. म्हणून लहान मापापाशी चित्र मोठे करून दोन्ही टोके डोळ्यांनी पाहणे, ही शिस्त आजही सुटत नाही. सदरलंड यांच्या पडद्यावरील २,००० पट मोठेपणाचा खरा उपयोग तोच आहे.

२३/
व्हर्निअर यांनी लहान अंतर वाचायला शिकवले, मॉडस्ले यांनी ते निवाड्यासाठी उभे केले, व्हिटवर्थ यांनी त्याला दशांशाची भाषा दिली, योहान्सन यांनी ते हातात ठेवले, पार्कर यांनी त्याला मर्यादा दिली आणि सदरलंड यांनी आकडा भूमितीशी बांधला. एवढे करूनही एक गोष्ट कोणत्याही साधनाने माणसाकडून काढून घेतली नाही : अंतर कुठून कुठपर्यंत, हे ठरवणे. चौकटीला दार लावणारा सुतार सूत मोजण्यापूर्वी टेपचे टोक नीट टेकले आहे ना, ते बोटाने चाचपून पाहतो. त्याची ती सवय संगणकापुढे बसणाऱ्या आपणा सर्वांना उपयोगी आहे.

(समाप्त)